महागड्या हॉटेलात मनासारखं झालं नाही, तर?

दिल्लीच्या मुनिरकात राहणाऱ्या मराठी माणसाला चांगल्या, महागड्या हॉटेलात जेवायला फार लांब जावं लागत नाही. रिक्षा केली की एका बाजूला वसंत विहारचं बसंत लोक मार्केट आणि वसंत कुंजचे मॉल, दुसऱ्या बाजूला भिकाजी कामा प्लेस आणि हौज खास. पण असं जाणं रोजचं नसतं. जेएनयूत मुलाची पीएचडी पूर्ण झालेली असते, मुलीला नवी नोकरी लागलेली असते, आईवडील सांगलीहून किंवा लातूरहून पहिल्यांदाच दिल्लीला आलेले असतात. आठ दिवस आधी टेबल राखून ठेवलेलं असतं, आणि एका जेवणावर महिन्याच्या किराण्याइतके पैसे खर्च करायचे हे घरात ठरलेलं असतं.

आणि मग नेमकं त्याच दिवशी बिनसतं. राखून ठेवलेलं टेबल दुसऱ्याला दिलेलं असतं आणि आपल्याला दाराजवळचं मिळतं. अर्धा तास पाणी विचारायला कोणी येत नाही. सूप आणि भाजी-रोटी एकदमच येतात. शाकाहारी वडिलांच्या पुढ्यात भलतीच बशी ठेवली जाते आणि विचारलं तर उत्तर तुटक मिळतं. आपण काय करतो? गप्प जेवतो, बिल भरतो, बाहेर पडल्यावर रिक्षात एकमेकांना सांगत राहतो. आईवडिलांसमोर तमाशा नको, एवढ्या झगमगाटात आपलं कोण ऐकणार, एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे, असं स्वतःला समजावतो. ही भीड मला समजते, पण ती महागात पडते. सेवेबद्दलची तक्रार जेवण चालू असतानाच करायला हवी आणि ती बदल करण्याचा अधिकार असलेल्या माणसाकडेच करायला हवी. पुढचं सगळं याच एका गोष्टीच्या आधारावर आहे.

आधी टेबल राखतानाची तयारी. अ‍ॅपवरून बुकिंग केलं असेल तर अटी पूर्ण वाचा. काही ठिकाणी माणशी अनामत घेतात, काही ठिकाणी ‘कव्हर चार्ज’ असतो, काही ठिकाणी संध्याकाळच्या दोन पाळ्या असतात आणि पहिल्या पाळीतलं टेबल ठरावीक वेळेला रिकामं करावं लागतं. आठला जेवायची सवय असलेल्या आईवडिलांना पहिली पाळी सोयीची, पण दीड-दोन तासांत उठावं लागणार हे आधी माहीत असलेलं बरं. फोन करून तीन गोष्टी स्पष्ट विचारा: टेबल कुठलं देणार, बिलात सेवाशुल्क लावता का, आणि पोशाखाचं काही बंधन आहे का. शक्य असेल तर उत्तरं संदेशाने मागवा. लेखी उत्तर नंतर फार उपयोगी पडतं.

पोशाखाचा प्रश्न मी उगाच घातलेला नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये अंसल प्लाझामधल्या ‘अ‍ॅक्विला’ या रेस्टॉरंटने साडी नेसलेल्या एका महिलेला, साडी ‘स्मार्ट कॅज्युअल’मध्ये बसत नाही असं सांगून अडवल्याचा आरोप झाला. त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. पुढे महापालिकेने त्या जागेला परवान्याच्या मुद्द्यावर नोटीस दिली आणि ते रेस्टॉरंट बंद झालं. अंसल प्लाझा मुनिरकापासून काही मैलांवर आहे. आई नऊवारीत किंवा साध्या सुती साडीत येणार असेल, तर दारात तिचा अपमान होण्यापेक्षा आदल्या दिवशी एक फोन केलेला चांगला. आणि त्या फोनवर साडीबद्दल नाक मुरडलं गेलं, तर त्या जागी पैसे खर्च करू नका.

वडिलांचं पथ्य, उपास, कांदा-लसूण न चालणं, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, हेही बुकिंगमध्येच लिहून ठेवा आणि बसल्यावर पुन्हा तोंडी सांगा. मांसाहाराबद्दलची चूक आपल्या घरांत नुसती गैरसोय मानली जात नाही, तिथे श्रद्धा दुखावते. आधी लेखी सांगितलेलं असेल तर ‘आम्हाला कुणी कळवलंच नाही’ असं म्हणायला जागा उरत नाही.

आता प्रत्यक्ष टेबलावर. काही चुकलं की पहिला शब्द वाढणाऱ्या मुलाशी बोला, शांतपणे आणि लगेच. वीस मिनिटं झाली, आमची ऑर्डर आत गेली आहे का, एवढंच विचारा. पुष्कळ अडचणी इथेच सुटतात. सुटली नाही तर त्याच्यावर आवाज चढवू नका, व्यवस्थापकाला बोलवा. ‘मैनेजर साहब से दो मिनट बात हो सकती है?’ हे वाक्य दिल्लीत पुरतं. आपली हिंदी रागात खडबडीत होते, ‘तुम’ आणि ‘ए भैया’ सहज तोंडातून निघतं, आणि मग मूळ तक्रार बाजूला राहून बोलण्याचीच चर्चा होते. ‘आप’ सोडू नका.

यामागे शिष्टाचारापेक्षा मोठं कारण आहे. मुनिरका गावाच्या अरुंद गल्ल्यांत मणिपूर, नागालँड, मिझोराम, अरुणाचल इथून आलेली तरुण मंडळी मोठ्या संख्येने राहतात, आणि त्यांतले कितीतरी जण दक्षिण दिल्लीच्या मॉलमध्ये आणि हॉटेलांत नोकरी करतात. ज्याच्यावर आपण चिडतो तो कदाचित आपल्याच मागच्या गल्लीत, आपल्यासारख्याच भाड्याच्या खोलीत राहणारा असतो. हिंदी त्याचीही मातृभाषा नाही. स्वयंपाकघरात माणसं कमी ठेवायची, एका मुलाकडे आठ टेबलं द्यायची, एकच टेबल दोघांना राखून द्यायचं, हे निर्णय तो घेत नाही. उशीर बहुतेक वेळा आतल्या नियोजनाचा असतो आणि शिव्या मात्र बाहेर उभ्या असलेल्याला मिळतात. उद्धटपणा अर्थातच वेगळा. तो ज्याने केला त्याचाच, आणि तोही व्यवस्थापकाला नाव घेऊन सांगावा.

व्यवस्थापक आला की त्याला नेमकं काय हवं ते सांगा. ‘तुमची सेवा फार वाईट आहे’ या वाक्याचं तो काहीही करू शकत नाही. ‘आम्ही साडेसातचं टेबल राखलं होतं, आठला बसवलं, सव्वाआठला ऑर्डर दिली, नऊ वाजले तरी मुख्य जेवण आलेलं नाही, वडिलांना मधुमेह आहे, दहा मिनिटांत निदान त्यांच्यापुरतं काही आणा’ या वाक्याचं तो नक्की काहीतरी करू शकतो. चुकीचा पदार्थ आला असेल तर तो खाऊ नका. अर्धी बशी संपवून केलेली तक्रार लंगडी पडते. बदलून द्या किंवा बिलातून काढा, यांपैकी काय हवं ते ठरवून मागा. फुकटचं गोड किंवा पुढच्या वेळची सवलत पुढे केली जाते. ती घ्यायची की नाही ही तुमची मर्जी, पण ती घेतली म्हणून चुकीच्या पदार्थाचे पैसे भरायचे असा नियम नाही.

आणि हे सगळं चालू असताना फोनवर दोन-तीन फोटो काढून ठेवा: मेनूचं किमतीचं पान, चुकीची बशी, बुकिंगचा संदेश. जेवणात किडा, केस, वास येणारं काही असेल तर बशी उचलली जाण्याआधी फोटो हवाच. अशी तक्रार सेवेच्या पलीकडची आहे आणि ती अन्नसुरक्षा खात्याकडे जाते. जानेवारी २०२२ पासून हॉटेलच्या बिलावर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक छापणं बंधनकारक आहे. त्या प्राधिकरणाच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अ‍ॅपवर त्याच क्रमांकाने तक्रार करता येते. घरी गेल्यावर कुणाला त्रास झाला तर डॉक्टरकडे जा आणि कागद जपून ठेवा.

बिल आलं की घाई करू नका. महागड्या जागी बिल वाचणं कमीपणाचं वाटतं. तिथेच सगळ्यात जास्त वाचायला हवं.

पहिली ओळ सेवाशुल्काची बघा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूत्रं काढली: हॉटेलने बिलात सेवाशुल्क आपोआप लावू नये, दुसऱ्या कुठल्या नावानेही वसूल करू नये, ते ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला सांगावं, ते न दिल्याबद्दल प्रवेश किंवा सेवा नाकारू नये, आणि ते बिलात मिळवून त्यावर जीएसटी आकारू नये. हॉटेलचालकांच्या दोन संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्यात या सूत्रांना स्थगिती मिळाली. जवळपास तीन वर्षं हा प्रश्न लोंबकळत राहिला. अखेर २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी संघटनांच्या याचिका फेटाळल्या, सक्तीचं सेवाशुल्क ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये भरायला लावले. संघटनांनी त्यावर अपील केलं आहे. निकालानंतर प्राधिकरणाने दिल्लीतल्या पाच रेस्टॉरंटना स्वतःहून नोटिसा काढून घेतलेलं सेवाशुल्क परत करायला सांगितलं. म्हणजे हा नियम तुमच्याच शहरात लागू करून दाखवलेला आहे.

आकड्यांत पाहा. जेवण ६,००० रुपयांचं झालं. त्यावर दहा टक्के सेवाशुल्क ६०० रुपये. मग ६,६०० रुपयांवर पाच टक्के जीएसटी ३३० रुपये. एकूण ६,९३०. सेवाशुल्क नसतं तर जीएसटी ३०० रुपये, एकूण ६,३००. ज्या संध्याकाळी सेवा वाईट मिळाली त्याच संध्याकाळी सेवेच्या नावाने ६३० रुपये जादा. ‘सर्विस चार्ज हटा दीजिए’ एवढंच सांगा. कारण द्यायची गरज नाही आणि सेवा चांगली होती की वाईट हा वादही घालू नका. ते न देणं हा तुमचा हक्क आहे, सेवा उत्तम असली तरीही.

दुसरी ओळ कराची. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जीएसटी पाच टक्के असतो आणि बिलात तो अडीच-अडीच असा दोन भागांत दिसतो. महागड्या खोल्या असलेल्या मोठ्या हॉटेलच्या आवारातल्या रेस्टॉरंटमध्ये तो अठरा टक्के असतो. तीच डाळ, तीच रोटी, पण आवार बदललं की कर बदलतो. तो हॉटेलवाल्याने वाढवलेला नसतो, त्यामुळे त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. मद्यावर मात्र जीएसटी लागत नाही, त्यावर राज्याचा वेगळा कर असतो. एकाच बिलात दोन्ही असतील तर जीएसटी फक्त खाण्यावर धरला आहे ना, हे तपासा. कर चुकीचा लावला जातो याचं गाजलेलं उदाहरण चंदीगडचं. जुलै २०१९ मध्ये अभिनेते राहुल बोस यांना जेडब्ल्यू मॅरियटमध्ये दोन केळ्यांचं ४४२ रुपये ५० पैशांचं बिल आलं. ताज्या फळांवर कर लावल्याबद्दल तिथल्या कर खात्याने हॉटेलला पंचवीस हजारांचा दंड केला. किमतीबद्दल नव्हे, कराबद्दल. हा फरक लक्षात ठेवा, कारण आपण बहुतेक वेळा उलट करतो, किमतीवरून चिडतो आणि कराकडे पाहत नाही.

पाण्याच्या बाटलीचंही तसंच. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावले म्हणून लोक हमखास भांडतात. पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं आहे की हॉटेल आणि रेस्टॉरंट बाटलीबंद पाण्याला छापील किमतीपेक्षा जास्त आकारू शकतात, कारण तिथे नुसती बाटली विकली जात नाही, बसण्याची जागा आणि सेवाही मिळते. त्यामुळे इथे उपाय एकच, बाटलीचं झाकण उघडण्याआधी ‘सादा पानी दीजिए’ असं सांगणं.

सेवाशुल्क काढायला व्यवस्थापकाने नकार दिला तर? तिथे पैसे न भरता उठून जाऊ नका. त्याने बरोबर असलेला माणूस चुकीचा ठरतो आणि आईवडिलांना दारात उभं राहावं लागतं. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक रात्री आठपर्यंत चालू असतो, तेवढ्या वेळेत असाल तर बसल्या जागेवरून तो लावा. कधीकधी फोन कानाला लागलेला पाहूनच ती ओळ बिलातून जाते. नाहीच गेली, तर पूर्ण बिल भरा, बिलाच्या प्रतीवर ‘सेवाशुल्क हरकत नोंदवून भरले’ असं लिहा, तारीख-वेळ घाला, फोटो काढा. पैसे रोख देऊ नका, कार्ड किंवा यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. बिल द्यायलाच नकार दिला तर तीही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. धमकावलं, दार अडवलं, तर ११२ वर पोलिसांना फोन करा.

घरी आल्यावर त्याच रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या मुख्य व्यवस्थापकाला ईमेल लिहा. रात्रीच्या पत्रात राग जास्त आणि माहिती कमी असते. पत्र इंग्रजीत असो वा हिंदीत, त्यात एवढं असावं: ‘अमुक तारखेला अमुक नावाने चार जणांचं टेबल राखलं होतं, बिल क्रमांक हा. ठरलेल्या वेळेनंतर तीस मिनिटांनी बसवलं. ऑर्डरनंतर पंचेचाळीस मिनिटांनीही मुख्य जेवण आलेलं नव्हतं. शाकाहाराची सूचना बुकिंगमध्ये होती, तरी मांसाहारी पदार्थ वाढला. ड्यूटीवरच्या व्यवस्थापकांना रात्री नऊ वाजता सांगितलं, बदल झाला नाही. सेवाशुल्क काढण्याची विनंती नाकारली. चुकीच्या पदार्थाची रक्कम आणि सेवाशुल्क सात दिवसांत परत करावं. बिल आणि फोटो जोडले आहेत.’ विशेषणं एकही नको. ‘भयंकर’, ‘लाजिरवाणं’, ‘आयुष्यातली सर्वांत वाईट संध्याकाळ’ हे शब्द वाचणाऱ्याला पत्र बाजूला ठेवायला कारण देतात. चांगली हॉटेलं अशा पत्राला उत्तर देतात, कारण त्यांचा धंदा नावावर चालतो. इंटरनेटवर अभिप्राय लिहायचा असेल तर उत्तराची वाट पाहून लिहा, जे घडलं तेवढंच लिहा, आणि वाढणाऱ्या मुलाचं नाव किंवा फोटो कधीही टाकू नका.

सात दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ वर रीतसर तक्रार नोंदवा. व्हॉट्सअ‍ॅपवर ८८००००१९१५ हा क्रमांक आहे. हेल्पलाइनवर मराठीतूनही बोलता येतं, त्यामुळे हिंदी-इंग्रजीची अडचण असलेल्या वडीलधाऱ्यांनाही स्वतः तक्रार करता येईल. सेवाशुल्काची तक्रार com-ccpa@nic.in या पत्त्यावर ग्राहक प्राधिकरणाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडेही करता येते. थोड्या रकमेच्या प्रकरणात हेल्पलाइनचा रस्ता सर्वांत सोपा, आणि बहुतेकांनी तिथेच थांबावं असं माझं मत आहे.

प्रकरण गंभीर असेल, म्हणजे विषबाधा झाली, श्रद्धेला धक्का देणारी चूक झाली, अपमान झाला, मोठ्या समारंभाचे पैसे घेऊन ठरलेलं दिलं नाही, तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेची गुणवत्ता, स्वरूप किंवा पद्धत यांतली उणीव ‘सेवेतील त्रुटी’ ठरते. चव आवडली नाही, दिवे मंद होते, गाणी मोठी होती, हे त्यात बसवणं कठीण. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि २०२५ पासून ‘ई-जागृति’ पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. कायद्यात निकालाची मुदत तीन महिन्यांची आहे, प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ धरून चला.

या कायद्यातल्या दोन गोष्टी बाहेरगावी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना विशेष उपयोगाच्या आहेत. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. आणि पैसे भरणाऱ्याच्या संमतीने ज्याने सेवा घेतली तोही ग्राहकच असतो. म्हणजे बिल मुनिरकातल्या मुलाने भरलं असलं तरी सांगलीला परतलेले वडील सांगलीच्या आयोगात दाद मागू शकतात. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, त्याच्या पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. ग्राहकाचा हक्क हा विषय आपल्या घरांत तेव्हापासून आहे. तो धान्य, तेल आणि गॅस सिलिंडरपुरता ठेवण्याचं काही कारण नाही, पांढऱ्या टेबलक्लॉथवरही तो तेवढाच चालतो.

शेवटी एक विनंती. बिलातून सेवाशुल्क काढून घेतल्यावर लगेच पाकीट खिशात टाकू नका. त्या संध्याकाळी कुणी एकाने तरी नीट वाढलं असेल, आईला खुर्ची ओढून दिली असेल, चूक लक्षात आल्यावर स्वतः धावपळ केली असेल. बिलातल्या सेवाशुल्कातलं त्याच्या वाट्याला किती येतं याची तुम्हाला खात्री नसते. शंभर-दोनशे रुपये रोख त्याच्या हातात द्या, आणि त्याचं नाव विचारून व्यवस्थापकाच्या पत्रात तेही लिहा.